दोन जकाती

आमच्या घरात ‘जकात’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जायचा आणि लहानपणी मला त्यातला फरक कळत नसे. रमजानच्या शेवटच्या दिवसांत अम्मी लोखंडी पेटीतला हार आणि बांगड्या काढून सोनाराकडून वजन करून आणायची आणि अब्बा हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर अडीच टक्क्यांचं गणित मांडायचे. ही एक जकात. दुसरी जकात वर्षभर चाले. भोसरीच्या शेडवरून अब्बा रात्री उशिरा घरी येत आणि हात धुता धुता सांगत, “टेम्पो जकातीला अडकला.” मला वाटे, टेम्पोलाही काहीतरी दानधर्म करावा लागत असणार.

आम्ही मूळचे बार्शीकडचे शिकलगार. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणं आणि धातू घासून चकचकीत करणं हा पिढीजात धंदा. अब्बा १९७८ साली भोसरीला आले, दुसऱ्याच्या लेथवर काही वर्षं काढली आणि मग भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचं एक जुनं लेथ बसवलं. धार लावणाऱ्याचा मुलगा बुशिंग आणि पिना वळू लागला. धातूशी असलेलं नातं तुटलं नाही, फक्त गिऱ्हाईक बदललं.

हे सगळं आठवायला निमित्त झालं माझ्या भाचीचं. ती चिंचवडला राहते, घरी दोन शिलाई मशीन टाकून अबाये आणि ईदचे ड्रेस शिवते, फोटो मोबाईलवर टाकते आणि यूपीआयवर पैसे घेते. मागच्या महिन्यात हैदराबादच्या एका बाईने तिला एकदम बारा अबायांची ऑर्डर दिली. तिचा मला फोन आला, “मामू, महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा तर पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर लागतो म्हणे. खरं का? माझी वर्षाची विक्री तर चार लाखसुद्धा नाही.” मी म्हटलं, खरं आहे. ती चिडली. तिचा धाकटा भाऊ चाकणच्या एका व्हेंडर कंपनीसाठी घरी बसून मशीन पार्टची ड्रॉइंग काढतो. तोही तिथेच बसला होता. म्हणाला, “माझी ड्रॉइंग हैदराबादला गेली तर काही लागत नाही.” तेही खरंच होतं. वस्तू विकणाऱ्याने राज्याची सीमा ओलांडली की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, पण हिचे अबाये मशीनवरचे. सेवा देणाऱ्याला मात्र ऑक्टोबर २०१७ पासून वीस लाखांपर्यंत राज्याबाहेरही मोकळीक आहे. एकाच घरातल्या बहीण-भावाला दोन न्याय. “असं का?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बसलो आणि सुमारे साडेतीनशे वर्षं मागे गेलो.

आधी शब्दाचंच बघू. जकात हा आपल्या दीनचा एक स्तंभ. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी हा निसाब. तेवढी मालमत्ता वर्षभर राहिली तर तिचा चाळिसावा भाग द्यायचा. ती कुणाला द्यायची तेही कुरआनने सूरह तौबात आठ प्रकारांनी ठरवून दिलं आहे. मग हा शब्द नाक्यावर कसा गेला? इस्लामी राज्यांत व्यापाऱ्याच्या मालावरची जकात रस्त्यावरच्या चौकीवर वसूल करण्याची पद्धत होती. हळूहळू राज्यकर्त्याला रस्त्यावरचा पैसा गोड लागला, धर्मातली बंधनं सुटत गेली आणि नाव तेवढं राहिलं. दख्खनमध्ये येईपर्यंत जकात म्हणजे सरळसरळ येणाऱ्याजाणाऱ्या मालावरचा कर झाला होता. फुकहांनी अशा वाटेवरच्या वसुलीला नाव ठेवलं आहे, ते तिला ‘मक्स’ म्हणतात आणि ती नाजायज मानतात. पण महसूल हवा असलेल्या सुलतानाने फकीहाचं कधी ऐकलं आहे?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, आपल्या लोकांत ती कुणी फारशी आवडीने सांगत नाही. १६६५ साली औरंगजेबाच्या फर्मानाने मालावरच्या या कराचा दर मुसलमान व्यापाऱ्याला अडीच टक्के आणि हिंदू व्यापाऱ्याला पाच टक्के ठरला. १६६७ मध्ये मुसलमानांचा कर पूर्णच माफ झाला. मग व्हायचं तेच झालं. मुसलमान व्यापारी हिंदू व्यापाऱ्यांचा माल आपला म्हणून नाक्यावरून काढू लागले आणि माफी गुंडाळावी लागली. धर्म बघून लावलेला कर अन्यायाचा तर असतोच, शिवाय तो टिकतही नाही. आज कुणी “हे लोक टॅक्स भरत नाहीत” असं आपल्याकडे बोट दाखवून म्हणतं तेव्हा मला राग येतो. तो राग खरा असायचा तर १६६५ चं फर्मानही मला बोचलं पाहिजे.

चाकण त्या काळी नकाशावर ठळक होतं. जुन्नर आणि घाटवाटांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरचं हे ठाणं. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने तो झुंजवला. किल्ला पडल्यावर मोगलांनी चाकणला इस्लामाबाद म्हणायला सुरुवात केली. ते नाव कागदावरच राहिलं. किल्ल्यासाठी दोन महिने रक्त सांडण्यामागे वाट ताब्यात असणं हे मोठं कारण होतं, आणि वाट ज्याची त्याची जकात.

मराठ्यांच्या राज्यातही शब्द तोच राहिला. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी महसूल, वसूल, बाकी, रक्कम, तहसील, जकात हे शब्द मराठीच्या तोंडातून गेले नाहीत. पेशवाईत जकातीचे मक्ते दिले जात. इलाख्या-इलाख्यात वेगळा नाका, वेगळा दर, वेगळा माणूस. व्यापाऱ्याला दर मुक्कामाला थांबून हुज्जत घालावी लागे. यातूनच हुंडेकरी नावाचा धंदा उभा राहिला. हुंडेकरी व्यापाऱ्याकडून एकरकमी पैसे घेई आणि माल शेवटच्या मुक्कामापर्यंत सगळ्या नाक्यांतून सोडवून देई. वाटेतल्या जकातदारांशी काय ते तो बघे. १८१९ च्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टनने या लोकांची नोंद केली आहे. हुंडेकरी हे आडनाव आजही आपल्याकडे आहे. आजच्या टॅक्स कन्सल्टंटकडे बघितलं की मला हुंडेकरी आठवतो. काम तेच, नाके तेवढे पोर्टलवर गेले.

पण भाचा-भाचीच्या दृष्टीने जकातीपेक्षा महत्त्वाचा कर दुसराच होता. त्याचं नाव मोहतर्फा. अरबीत हिरफा म्हणजे हुन्नर, कसब. ज्याच्या हातात कसब आहे तो मुहतरिफ. त्यावरून मोहतर्फा म्हणजे कसबी माणसावरचा कर. जमीन कसणाऱ्याने सारा भरायचा, आणि ज्याच्याकडे जमीन नाही पण हात चालतो त्याने मोहतर्फा. कोष्ट्याच्या मागावर, तेल्याच्या घाण्यावर, सोनाराच्या-लोहाराच्या दुकानावर तो बसे. आपल्या समाजातली आडनावं बघा: आत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी, मोमीन, शिकलगार. यातला प्रत्येक जण मोहतर्फ्याच्या यादीत येणारा. उत्पन्न किती ते कुणी विचारत नव्हतं. माग आहे का, दुकान आहे का, एवढंच बघायचं. आजच्या भाषेत ज्याला फ्रीलान्सर म्हणतात तो म्हणजे हाच मुहतरिफ. आजच्या अरबीत तर व्यावसायिक माणसाला, मग तो फुटबॉलपटू असो की आणखी कुणी, हाच शब्द वापरतात.

इंग्रज आले तेव्हा त्यांना हे शेकडो बारीक कर त्रासाचे वाटले. वसुलीला खर्च जास्त आणि हाती थोडं. आतल्या नाक्यांवरची जकात आधी गेली आणि १८४४ च्या १९ क्रमांकाच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या शहरांच्या जकाती आणि धंद्यांवरचे सगळे कर रद्द झाले. मोहतर्फा संपला. मोठ्या उदारपणाची गोष्ट वाटते ना? पण त्याच वर्षी, तूट भरून काढायला, मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला गेला. सुरतेत लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तो बारा आण्यांवर आला. म्हणजे शिकलगाराची मोहतर्फ्यातून सुटका झाली आणि त्याच्या भाकरीतलं मीठ महागलं. आधी त्याला कर द्यावा लागतोय हे कळत तरी होतं.

मला हे १८४४ साल आजच्या सगळ्या करचर्चेची किल्ली वाटतं. “देशात दोन-चार टक्के लोकच कर भरतात” हे वाक्य आपण व्हॉट्सॲपवर रोज वाचतो. ते आयकराबद्दल आहे. साबण, मोबाईलचं रिचार्ज, दुचाकीचा टायर घेणारा प्रत्येक माणूस जीएसटी भरतो, कुदळवाडीचा भंगारवालाही भरतो आणि चाकणच्या चाळीत चौघांत एक खोली घेऊन राहणारा कंत्राटी कामगारही भरतो. मिठाचा कर भरणाऱ्याचं नाव कुठल्याच यादीत येत नाही, एवढाच फरक.

आयकर आला १८६० मध्ये. १८५७ च्या उठावाने तिजोरी रिकामी झाली होती. जेम्स विल्सन नावाचे अर्थसदस्य लंडनहून आले आणि त्यांनी हा कर आणला. वर्षाला दोनशे रुपयांच्या आत उत्पन्न असेल तर माफी, दोनशे ते पाचशेपर्यंत दोन टक्के, त्यावर चार टक्के. विल्सनसाहेब त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आजाराने वारले. कर पाच वर्षांत गेला, मग वेगवेगळ्या नावांनी परत येत राहिला. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात आलेला लायसन्स टॅक्स फार बोलका होता: व्यापारी आणि कारागिरांनी भरायचा, पगारदार अंमलदार आणि वकील-डॉक्टर त्यातून बाहेर. सुरतेत पुन्हा दंगल झाली. मोहतर्फा रद्द करून चौतीस वर्षं झाली नाहीत तोच तो वेगळा डगला घालून आला होता. शेवटी १८८६ च्या कायद्याने आयकर कायमचा झाला, पाचशे रुपयांच्या वरच्या उत्पन्नाला, आणि शेतीचं उत्पन्न त्याच्या बाहेर राहिलं. त्यानंतर १९२२ चा कायदा, १९६१ चा कायदा आणि आता १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा.

जकातही परतली. १८५० च्या कायद्याने गावांना नगरपालिका काढता येऊ लागल्या. दिवाबत्ती, पाणी, झाडलोट यांना पैसा लागतो आणि घरपट्टी वाढवली की लोक ओरडतात. त्यापेक्षा वेशीवर येणाऱ्या गाडीला हात दाखवणं सोपं. पुढची दीडशे वर्षं महाराष्ट्रातली शहरं याच सोप्या उपायावर चालली.

पिंपरी-चिंचवड तर जवळजवळ जकातीवरच उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी-पिंपरीच्या माळावर प्लॉट पडले. टेल्को आली, आकुर्डीला बजाज आलं. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं मिळून नवनगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. कारखान्यात येणारं पोलाद, रबर, रंग, पत्रा सगळं नाक्यावरून जाई आणि दर गाडीमागे महापालिकेची पेटी भरे. आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका असं इथले पुढारी छाती फुगवून सांगत. ते कितपत खरं ते सोडा, पण उत्पन्नात सर्वांत मोठा वाटा जकातीचा होता यात शंका नाही. आम्ही ज्या रुंद रस्त्यांवर सायकली शिकलो ते त्याच पैशातून झाले होते. टेम्पोवाल्याची झोपही त्यातच गेली.

कारण नाक्यावर वेळ लागे. बिल दाखवा, वजन दाखवा, मालाचं वर्गीकरण काय, दर कुठला. अब्बांचा अर्धा टन बार आणि मोठ्या कंपनीचा पंचवीस टनांचा ट्रेलर एकाच रांगेत. मोठ्या कंपनीचा नाक्यावर स्वतःचा माणूस असे, खातं असे. अब्बांकडे टेम्पोवाल्याच्या हाती दिलेल्या नोटा असत. चाकण मात्र महापालिकेच्या हद्दीबाहेर. नव्वदच्या दशकानंतर मोठे कारखाने मोशीच्या पुढे, चाकणकडे सरकले, त्याला स्वस्त आणि सलग जमीन हे मुख्य कारण. पण तिथे महापालिकेचा नाका आडवा येत नव्हता, ही गोष्टही हिशेबात धरली गेली असणारच. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, मग २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा.

विक्रीकराची कथा वेगळी. मुंबई प्रांतात तो १ ऑक्टोबर १९४६ पासून लागू झाला. वस्तू विकली की राज्याचा वाटा. पण राज्याची सीमा ओलांडणारी विक्री कुणाची? या भांडणातून १९५६ चा केंद्रीय विक्रीकर कायदा आला. राज्यातल्या विक्रीला लहान दुकानदारासाठी उलाढालीची मर्यादा होती; आंतरराज्य विक्रीला नव्हती. पहिल्या रुपयापासून कर आणि पहिल्या रुपयापासून नोंदणी. माझ्या भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे! २०१७ च्या जीएसटी कायद्याने विक्रीकर, व्हॅट, अबकारी, सेवाकर सगळं एका पोत्यात घातलं, पण वस्तूंच्या बाबतीत ही १९५६ ची खोड तशीच राहिली. सेवांना ती लागली नाही, कारण सेवाकर मुळातच केंद्राचा. १९९४ मध्ये टेलिफोन, विमा आणि शेअर दलाल अशा तीनच सेवांवर तो सुरू झाला, त्याला राज्यांच्या सीमा ठाऊकच नव्हत्या. म्हणून भाच्याची रेघ हैदराबादला मोकळी जाते आणि भाचीचं कापड अडतं.

अब्बांना हा केंद्रीय विक्रीकर एकदाच भेटला आणि तेवढ्यात पुरला. गुजरातच्या एका पार्टीला त्यांनी माल दिला. समोरच्याने सी फॉर्म दिला तर कर सवलतीने, नाही तर पूर्ण दराने. पार्टीने फॉर्म आज देतो, उद्या देतो करत दोन वर्षं काढली. असेसमेंट लागलं तेव्हा फरकाची रक्कम आणि व्याज अब्बांच्या गळ्यात. त्या वर्षी अम्मीचा हार रमजानमध्ये वजनाला गेला नाही, कारण तो आधीच विकला होता. निसाबाच्या खाली आल्यामुळे आमच्यावर जकातही फर्ज राहिली नाही. अब्बा हसत म्हणाले होते, “एक जकात भरली की दुसरी माफ होते.” त्यांच्या हसण्यात काय होतं ते मला आता, पन्नाशीत कळतं.

नाके पडले ते आमच्या डोळ्यांदेखत. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. महापालिकांची चालू राहिली. पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. नाका नाही, स्वतः हिशेब ठेवा, स्वतः भरा. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून निकराचा विरोध केला. ज्या जकातीला सगळे शिव्या देत होते तिच्याबद्दल लोक अचानक हळवे झाले! कारण साधं होतं. नाक्यावर माणसाशी बोलता येई. वहीशी बोलता येत नव्हतं. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीने तो विषय संपवला. आज ‘जकात नाका’ हे फक्त रिक्षावाल्याला सांगायचं ठिकाण उरलं आहे.

मोहतर्फ्याचं मात्र तसं झालं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता. त्यासाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसायकर आणला: व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकरी यांवरचा कर. घटनेने त्याला कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ च्या दुरुस्तीपासून ती वर्षाला अडीच हजार रुपये. पगारदाराचा तो पगारातून कापला जातो. स्वतंत्र काम करणाऱ्याने स्वतः नोंदणी करून भरायचा. मोहतर्फ्यासारखाच तोही माणसाच्या नफ्याकडे फारसं बघत नाही. पण हेतूचा फरक मी मानतो. शहरातल्या कसबी माणसाचे अडीच हजार दुष्काळी गावातल्या मजुराच्या हजेरीपटाला जात, ही कल्पना मला जकातीच्या, म्हणजे आपल्या पहिल्या जकातीच्या फार जवळची वाटते. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदाच कुठल्या कराबद्दल तोंड वाकडं केलं नाही.

त्याची तक्रार वेगळी आहे, आणि मला विचाराल तर या पट्ट्यातली सध्याची सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. डिप्लोमा झाल्यावर तो एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागला. दोन वर्षांनी त्याला सांगण्यात आलं, आता तू कन्सल्टंट. काम तेच, साहेब तोच, खुर्चीसुद्धा तीच. फक्त पगाराच्या चिठ्ठीऐवजी दर महिन्याला त्याने बिल द्यायचं आणि कंपनीने दहा टक्के टीडीएस कापून पैसे टाकायचे. पीएफ नाही, ईएसआय नाही, ग्रॅच्युइटी नाही. पुढे खुर्चीही गेली आणि घरून काम सुरू झालं. महिना अठ्ठावीस हजारांतले दोन हजार आठशे कापले जात. वर्षाचं उत्पन्न करपात्रच नव्हतं. पण कापलेले ३३,६०० परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं, हे त्याला पहिली दोन वर्षं कुणी सांगितलंच नाही. तिसऱ्या वर्षी कंपनीने कापले, पण सरकारकडे भरलेच नाहीत. त्याच्या २६एएस मध्ये ते दिसेनात आणि परतावा अडकला.

व्यावसायिकांच्या फीवर टीडीएस १९९५ पासून आहे. तो मोठ्या वकिला-सल्लागारांनी उत्पन्न लपवू नये म्हणून आला आणि अठ्ठावीस हजारवाल्याच्या खिशाला लागला. बाकी कायदा छोट्या कसबी माणसाशी तितका कठोर नाही, हेही सांगायला हवं. २०१६ च्या अर्थसंकल्पाने आणलेलं ४४एडीए हे कलम इंजिनिअर, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यावसायिकांना सांगतं की जमा रकमेतले निम्मे पैसे नफा म्हणून दाखवा, खर्चाच्या पावत्या कुणी मागणार नाही. मर्यादा पन्नास लाख, आणि रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या आत असेल तर पंचाहत्तर. व्यापाऱ्यासाठी ४४एडी मध्ये बँकेतून आलेल्या पैशावर सहा टक्के नफा धरला जातो, रोखीवर आठ. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर शून्यावर येतो. नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तरतुदी राहिल्या. आणि कंपनीने कापलेला कर भरला नाही तर तो कामगाराकडून पुन्हा मागता येत नाही, हेही कायद्यातच आहे. म्हणून पगार-बिलाच्या चिठ्ठ्या आणि बँकेचं पासबुक जपून ठेवा असं मी प्रत्येक भाच्या-पुतण्याला सांगतो.

पावत्यांवरून कुदळवाडी आठवते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली हजारो शेड आणि गोदामं अनधिकृत ठरवून पाडली. भंगाराचा धंदा तिथे मोठा, आणि त्यात आपले लोक बरेच. त्या दिवसांत फोनवर फिरणाऱ्या व्हिडिओंत लोक हातात घरपट्टीच्या, जीएसटीच्या पावत्या धरून उभे होते. पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हे कायद्याने बरोबर आहे. पण मोहतर्फा भरणाऱ्या लोहाराला पेशवाईत निदान एवढं गृहीत धरता येई की दुकानावर कर बसला म्हणजे सरकारने दुकान मान्य केलं. वर्षानुवर्षं कर घ्यायचा आणि ज्या जागेवरून घेतला ती जागा कधी पाहिलीच नाही असं म्हणायचं, याला हिशेब म्हणत नाहीत. आणि आपल्या लोकांनाही विचारायला हवं: पावती जपली, पण जागेचे कागद इतकी वर्षं का पाहिले नाहीत?

भाचीकडे परत येतो. ऑक्टोबर २०२३ पर्यंत तिला मोठ्या ऑनलाइन बाजारात माल ठेवायचा तर राज्यातल्या राज्यातही जीएसटी नंबर लागला असता, आणि पिंपरीच्या बाजारात तेच कपडे विकणाऱ्या दुकानदाराला चाळीस लाखांपर्यंत नाही. आता राज्यातल्या विक्रीपुरती ती अट निघाली आहे. राज्याबाहेरची राहिली आहे. नाक्यावर खाकी कपड्यातला माणूस नाही, पण ती पत्त्याच्या रकान्यात ‘तेलंगणा’ लिहिते आणि टेम्पो अडकतो.

आम्ही दोघांनी एक रविवार बसून अर्ज भरला. वीजबिल भावजींच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतीपत्र जोडलं. मोबाईलवरचे ओटीपी दोनदा चुकले. नंबर आल्यावर दर महिन्याला नाही तर तिमाहीला विवरण भरायचं, विक्री शून्य असली तरी. व्यवसायकराची नोंदणी पाठोपाठ. हे सगळं समजावून सांगितल्यावर तिने विचारलं, “आणि न विकलेल्या अबायांचं काय, मामू? त्यावरही कर?” मी म्हटलं, सरकारचा नाही, संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पातच गेला. पण विकायला ठेवलेल्या मालावर तुझी दुसरी जकात आहे, आजच्या बाजारभावाने.

तिने वही मागवली, मागचं पान उघडलं आणि कपाटातले अबाये मोजायला भावाला आत पाठवलं. एकोणतीस निघाले. त्यातले बारा हैदराबादचे.